परसूवेल

दाजी,

तुमच्या तेराव्याला पंगत उठली आणि लोक अंगणात पान खात बसले, तेव्हा लुमाण्णा म्हणाला, "परसू गेला, पर परसूवेल काय जायची न्हाई." सगळे हसले. इतके दिवस दबून बसलेल्या माणसांना हसायला काहीतरी लागतंच, त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. मीही हसलो. तुम्ही असता तर तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसला असता.

मग मी हात धुवायला मागच्या दारी गेलो. तिथं माझ्या बहिणीनं, आक्कानं, मला जे सांगितलं, ते ऐकल्यापासून मला त्या नावावर हसता येत नाही. माणसाचं नाव एका दुष्ट वेलीला चिकटतं, पोरं ते आयांच्या तोंडून शिकतात. आणखी वीस वर्षांनी तुमचा चेहरा कुणाला आठवणार नाही, पण ज्यानं गावात बागा खाणारी वेल आणली तो परसू, एवढं राहील. हे तसंच राहू द्यायचं की नाही, याचा निकाल मला करायचा होता. तो कसा झाला ते तुम्हाला सांगायला बसलो आहे. तुमचं घराणं, तुमचा जन्म, तुमचं दुखणं यातलं काही लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आपण दोघं चौदा-पंधरा वर्षं ज्या वेलीवरून भांडलो तिचंच लिहितो, कारण ते भांडण मिटायच्या आत तुम्ही निघून गेलात.

तुमची ती गाडी मला अजून दिसते. घाटातल्या ठेसनावर तांदळाच्या गोण्या घालून परत आलात ते बैलांच्या शिंगांना जांभळ्या फुलांची वेल गुंडाळून. ठेसनाच्या कुंपणावर ती अशी पसरलीय की कुंपण दिसतच नाही, म्हणालात. हाताच्या पंजासारखं पाच बोटांचं पान, नरसाळ्यासारखं फूल. नंदिगड्ड्याच्या उतारावरून गाडी खाली आपल्या व्हाळाशी उतरेपर्यंत काठच्या पाचही घरांतली माणसं बघायला बाहेर आली होती. आक्का दारातून ओरडली, "बैलांचं लगीन लावून आलासा काय?"

"तुला फुलं आणली, तर बैलांवर कशाला जळतीस?" तुम्ही म्हणालात.

त्या वेळी आपला व्हाळ काय होता! एका झऱ्याचा ओढा, आणि त्याच्या काठानं एकाखाली एक पाच बागा. सगळ्यांत वर, झऱ्याच्या लगत, माझी. मध्ये लुमाण्णाची. सगळ्यांत खाली तुमची. उन्हाळ्यात पाणी पाळीनं घ्यायचं, वरून खाली. पोफळी, त्यांच्यावर चढवलेल्या मिरीच्या वेली, कडेला केळी. यातलं पोफळीचं झाड सरळ आणि गरीब. कुणी अंगावर चढलं तरी ते झटकून टाकू शकत नाही.

दोन पावसाळ्यांत ही नवी वेल पोफळींवर चढली. बुडापासून शेंड्यापर्यंत गुंडाळायची आणि शेंडा गाठला की शेजारणीवर उडी. खालची मिरी उजेडावाचून पिवळी पडायची. वारा सुटला की पाच-सहा पोफळी एका दाव्यानं बांधल्यासारख्या हलत, आणि त्यातली एक मोडली की ती दुसरीला घेऊन पडे.

आणि आपण केलं काय? कोयत्यानं तोडली. तोडलेला हिरवा पाला वाया घालवायचा नाही ही आपल्याकडची रीत. पाला गोठ्यात जनावरांच्या पायाखाली पसरायचा, त्यांनी तो तुडवायचा, शेणामुतात मुरला की तेच खत बागेत न्यायचं. त्यातून सरकारी रानातून पाल्याचे भारे आणायला तेव्हा नुकतीच आडकाठी सुरू झालेली. गार्ड दिसला की डोक्यावरचा भारा टाकून पळावं लागे. आणि इथं दाराशी फुकटचा पाला, तोडावा तितका. गावचे मुख्य, थोरले गावकर, म्हणाले, "देवानंच धाडली गा ही." पण वेल मुरली नाही. तिच्या पेरापेराला डोळा असतो. बोटभर तुकडा शेणात पडून राहिला तरी जिवंत. आपण पाचही घरांनी तिला बुट्ट्या भरभरून बागेत नेली, प्रत्येक पोफळीच्या बुडाशी घातली आणि वरून माती ओढली. रोपांचीसुद्धा इतकी निगा आपण राखली नव्हती. पुढच्या पावसात बागेत पाय ठेवायला जागा उरली नाही.

मग देवळातली ती बैठक. तुम्हाला तिची आठवण करून द्यायला नको, पण मला ती आता नव्यानं मांडायची आहे. दोन घरांनी एकमेकांच्या कामाला जायचा पैरा बंद केला होता. कामाला माणूस मिळेना. जो तो शेजाऱ्याच्या बागेकडे बोट दाखवत होता. लुमाण्णा चार दिवस घरोघर सांगत होता तेच खांबाला टेकून पुन्हा म्हणाला, "ज्यानं आणली त्याची औंदाची पाण्याची पाळी बंद. बोला, कुणी आणली?"

मला आठवतं, तुम्ही डबी उघडलीत, चिमूट घेतलीत, शिंकलात, आणि धोतराच्या टोकानं नाक पुसून म्हणालात, "अरे, येवढा इचार कशाला? आख्ख्या गावानं माझी गाडी बघितली की. माझीच वेल."

"मग पाणी?"

"नगं मला पाणी. पर वेल काडायची ती मी सांगीन तशी. कबूल?"

भांडणाला धनी मिळाला आणि भांडण थांबलं. मी मात्र उठलो. मला हिशेब पटत नव्हता. मी म्हटलं, "दाजी, पाणी वर चढत नाही. वेल सगळ्यांत दाट आहे ती माझ्या बागेत, वरच्या अंगाला. तुमची बाग तळाला. तळची वेल वर कशी येईल?"

"खतातनं. माझ्या गोठ्यातलं दोन गाड्या खत न्हेलास का न्हाई?"

"नेलं. पण त्याच्या आधीच..."

"बस खाली, पावणं. भन दिलीय म्हणून किती बाजू घेशील?"

देऊळभर हशा झाला. मी बसलो. मला वाटत होतं मी तुमचा वकील आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या बागेच्या तोंडाशी एक मोठी बुट्टी घेऊन उभे राहिलात आणि येईल त्याच्या कमरेचा कोयता काढून घेऊ लागलात. आपल्या रानातला गडी अंथरुणातून उठला की आधी कमरेला आकडी बांधतो, आकडीत कोयता अडकवतो, मग तोंड धुतो. वेल दिसली की हात आपोआप मागं जातो. तुम्हाला तोडणं नको होतं. एक पेर जमिनीला लागता कामा नये, मुळापर्यंत माग काढायचा, हातानं सोडवायची, बुट्टीत भरायची आणि उघड्या खडकावर नेऊन वाळवायची. लुमाण्णा कुरकुरला, "कंबरंला कोयता न्हाई म्हंजे धोतार सुटल्यागत वाटतंय."

"सुटू दे," तुम्ही म्हणालात. "हितं कोण बगतंय तुला? बगायजोगं काय हाय?"

मी सुचवलं होतं की ज्याच्या जितक्या पोफळी त्यानं तितक्या साफ कराव्यात. सगळ्यांना सारखं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुझा हिशेब बरोबर हाय, वेलीला ठावं न्हाई येवढंच." वरची बाग साफ झाल्याशिवाय खालची कितीही केली तरी पाणी तुकडे आणून घालणार. म्हणून सगळ्यांनी मिळून आधी माझी, मग तिच्याखालची, असं करत तळाला तुमची. आज हे वाचणाऱ्याला सोपं वाटेल. पण ज्यानं दोष अंगावर घेतला त्याची बाग शेवटी आणि त्याच्या मेव्हण्याची पहिली, हे चार घरांच्या गळी उतरवायला तुमचीच जीभ हवी होती.

माझाही थोडा उपयोग झाला, तो मी विसरू देणार नाही. साफ केलेल्या पोफळीला मी चुन्याचा टिपका लावत होतो, पुन्हा पाहून झाली की दुसरा. तुम्ही म्हणालात, "पोफळींची लग्नं लावतोस काय?" पण पुढल्या फेरीला चुन्याची डबी मागायला तुम्हीच घरी आलात. आणि तुमची मिठाच्या पाण्याची युक्ती! वेलीच्या मुळाशी मिठाचं पाणी घातलंत. वेल तशीच राहिली आणि दोन पोफळी पिवळ्या पडल्या. मी विचारलं तर म्हणालात, "मीठच आळणी असंल."

तुमच्या बागेपर्यंत पोचायला तो हंगाम पुरला नाही. मिरीत वेल इतकी गुंतली होती की एक ओढली की दुसरी तुटे. तुमची जवळजवळ सगळी मिरी गेली. मग उन्हाळा आला, आणि तुमची पाळी बंद. पाणी तुमच्या बांधापर्यंत येई आणि बाजूनं वळवून व्हाळात सोडून दिलं जाई. कोवळी सुपारी गळून पोफळींच्या बुडाशी सडा पडला. अठरा पोफळींचे शेंडे वाळले. तुम्ही मोजू दिले नाहीत, म्हणून मी बांधावर उभा राहून लांबून मोजले. मी म्हटलं, "माझ्या पाळीतलं थोडं सोडतो." तुम्ही म्हणालात, "एक थेंब सोडलास तर तुझ्या भनीला तुझ्या दारात आणून बशिवतो. मग घाल तिला पाणी." तुम्ही ते हसत म्हणालात. आक्का हसली नाही; का, ते मला तेव्हा कळलं नाही.

वेल ताब्यात यायला तीन वर्षं लागली. समूळ गेली नाही, जाणारही नाही, ती रानात पोचली. पण तेव्हापासून दर कार्तिकात, माती ओली आणि ऊन चांगलं असतं तेव्हा, पाच घरांची माणसं कोयते ठेवून वरून खाली फेरी करतात. बागा उभ्या आहेत. मधल्या काळात पोरांनी वेलीला नाव देऊन टाकलं. तुम्हाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. उलट कुणी "परसूवेल आली, परसूवेल आली" ओरडलं की तुम्ही "काय रं?" म्हणून ओ द्यायचात.

मी मात्र सोडत नव्हतो. दिवाळीला तुमच्याकडे आलो की फराळाच्या ताटावर माझं सुरू व्हायचं. खत मी नेलं ते माघात, आणि वेल माझ्या वरच्या कोपऱ्यात त्याच्या आधीच्या पावसाळ्यात होती, म्हणजे तुमची वेल पहिली नव्हे. ती कुठून तरी वरून आली. आता माझ्या बागेच्या वर काय आहे? झरा. मग झऱ्यापाशी... इथवर आलं की तुमचे बैल सुटलेले असायचे, नाहीतर तपकीर संपलेली असायची. "तू मोजत बस, पावणं," म्हणून तुम्ही उठायचात. मला वाटायचं, या माणसाला सरळ विचार करायचा कंटाळा आहे. असं मी माझ्या बायकोला, सरूला, बोलूनही दाखवलं. ती चुलीत लाकूड सारत राहिली.

तर तेराव्याला मागच्या दारी आक्का माझ्या हातावर पाणी घालत होती.

"हसलास?" ती म्हणाली.

"सगळे हसले."

"बाकीच्यांनी हसू दे. तू हसू नगं. ती वेल म्हशीनं खाल्ली रे."

"कुठली वेल?"

"गाडीवरनं आणल्याली. न्हाणीपाशी लावली मी. चार दिसांत म्हशीनं बुडापातूर खाल्ली. लई मारली मी तिला."

"मग तुझ्या न्हाणीवर इतकी पसरली होती ती कुठली?"

माझे हात केव्हाच धुऊन झाले होते, पण आक्का पाणी घालत राहिली. "ती सरूनं दिली मला. तुमच्या झऱ्यावरची."

सरू तेव्हा खरकट्या पत्रावळी घेऊन बाहेर येत होती. ती जागीच थांबली. "वन्सं," ती म्हणाली, "सांगायचं न्हाई असं ठरलं हुतं."

"ज्येच्यासंगं ठरलं त्यो गेला की गं," आक्का म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली. तेरा दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मग मला ते कळलं, दोघींच्या तोंडून, अर्धं अर्धं. सरूचा भाऊ रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. भाऊबीजेला आला तेव्हा त्यानं ठेसनावरच्या वेलीचे तुकडे बहिणीला आणून दिले. तिनं ते झऱ्याजवळच्या धुण्याच्या दगडापाशी लावले, बायकांना सावली होईल म्हणून. ती बायकांची जागा. पुरुष माणूस तिकडे फिरकत नाही, मीही फिरकलो नव्हतो. तिथून प्रत्येक पुरात तुकडे खाली येत गेले. बैठकीच्या आदल्या दिवशी सरूच्या ते ध्यानात आलं आणि ती रडत आक्काकडे गेली. आक्कानं तुम्हाला सांगितलं. तुम्ही दोघं पहाटे झऱ्यावर गेलात, ती सगळी वेल मुळासकट काढलीत, आणि सरूला म्हणालात, "तू गप ऱ्हा. त्येला कळलं तर त्यो देवळात हुबा ऱ्हाऊन खरं सांगील. त्येला खोटं जमत न्हाई. मग त्येचं पाणी जाईल, अन् त्येची रोपं मरतील."

माझी रोपं. दाजी, त्या वर्षी माझ्या बागेत दोनशे दहा पोफळीची रोपं होती, दुसऱ्या वर्षातली, कमरेइतकी. वाटण्या झाल्यावर माझ्या वाट्याला जो मोकळा उतार आला त्यावर मी तेवढंच उभं केलं होतं. पोफळीच्या रोपाला एक उन्हाळा पाणी मिळालं नाही की ते जातं. तुमच्या पोफळी तुमच्या वडिलांनी लावलेल्या, जुन्या. एक उन्हाळा कोरडा गेला तर पीक गळेल, थोडी झाडं जातील, बाग राहील. ज्या माणसानं मला जन्मभर "तू मोजत बस" म्हणून चिडवलं, त्यानं रात्रीतून हा हिशेब केला होता, आणि त्यात मला चूक सापडत नाही. माझी दोनशे दहा, तुमची अठरा.

मला राग आला, हेही लिहितो. इतकी वर्षं मी एकाच वाटेनं चालत होतो, ती वाट माझ्याच झऱ्याशी संपत होती, आणि तुम्ही तिघं मला दर वेळी दहा पावलं अलीकडून परत फिरवत होता. सरू म्हणाली, "तुम्ही झऱ्याचं नाव काडलंसा की मी चुलीकडं जायची. दाजी उठून गेलं की भाईर यायची." ती इतकी वर्षं मनात धास्ती घेऊन माझ्याशेजारी जेवायला वाढत होती आणि मी तिला तुमच्या विचारातल्या चुका समजावून सांगत होतो! तुम्ही मला सांगितलं असतंत तर? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर तुम्ही आधीच देऊन ठेवलं आहे. मी देवळात उभा राहिलो असतो. तुम्ही मला ओळखून होता आणि मी जसा आहे तसा मला राहू दिलंत. खोटं बोलायची पाळी माझ्यावर येऊ नये म्हणून ते तुम्ही बोललात. राग त्यानंतर टिकला नाही.

आपल्यात मेव्हण्यानं दाजींचे आभार मानायची रीत नाही. फणस धाडायचा, सुगीला चार गडी जास्त पाठवायचे, झालं. मी फणस धाडत होतो, पण तो कशाबद्दल हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे आणि फणस खायला तुम्ही नाही. एवढं एकच दुःख मला मोठं वाटतं. बाकी सगळीकडे बघावं तर तुमचं देणंच दिसतं. सकाळी बागेत गेलो की सरळ उभ्या पोफळी, त्यांच्यावर घोस. मोठ्या पोरीचं लग्न त्यांच्यावर झालं, घरावर कौलं त्यांच्यावर चढली. मी रोज त्यांच्या सावलीतून चालतो आणि मला हसायला येतं, कारण तुमची शिंक ऐकू येते.

नावाचं काय करायचं, हा प्रश्न होता. आक्का म्हणाली, "त्येंनी आपल्या राजीखुषीनं घेतलं. ऱ्हाऊ दे. पर तुझ्या जिवाला टोचत असंल तर मी नगं म्हणनार न्हाई." मी सरूला विचारलं, कारण बोल तिलाच लागणार होता. तिनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "दाजींचं नाव पोरं पायाखाली तुडवत्यात. सांगा तुम्ही. मला काय म्हणायचं ते म्हणू देत."

कार्तिकातल्या फेरीसाठी देवळात सगळे जमले तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं. गाडीवरची वेल म्हशीनं खाल्ली होती, गावात पसरली ती आमच्या घरातून, परसूदाजींना हे ठाऊक होतं, आणि माझी रोपं जगावीत म्हणून त्यांनी आपलं पाणी दिलं. एवढंच. मला लांबवून बोलता येत नाही.

कुणी सरूचं नाव घेतलं नाही. लुमाण्णा खाली बघत होता. पाणी बंद करा असं त्या दिवशी तोच म्हणाला होता. मान वर न करता तो म्हणाला, "मग त्या उन्हाळ्याचं पाणी? ते आता परसूला कुठनं द्यायचं?" लुमाण्णाचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "निदान नाव तरी बदला. माझ्या घरातून आली, माझ्या नावानं म्हणा."

थोरले गावकर आता फार थकलेत, त्यांना ऐकूही कमी येतं, पण हे त्यांनी ऐकलं. "गोपाळवेल?" ते म्हणाले. "खुळा हाईस का तू? गोपाळवेल म्हणलं तर बायका तिला तुळशीशेजारी लावतील. परत गाव बुडंल."

आधी एक हसला, मग सगळे. लुमाण्णाही डोळे पुसत हसला. तोच म्हणाला, "परसूवेलच ऱ्हाऊ दे, गावकार. पर आता पोरांनी इचारलं की म्हशीपासनं समदं सांगायचं." असं ठरलं, दाजी. नाव काही सुटलं नाही तुमचं. पण नावासोबत आता म्हैस जाईल, पाणी जाईल, रोपं जातील.

दुसऱ्या दिवशी आमच्या झऱ्यापासून फेरी सुरू झाली. या वेळी धुण्याच्या दगडापाशी सरू स्वतः उभी होती, आणि ती आम्हा पुरुषांना तिथं घेऊन गेली. दगडाच्या फटीत दोन कोंभ होते. ते तिनंच काढले. मग चार बागा करत आम्ही तळाला आलो. तुमच्या बागेत यंदा काही सापडेल असं वाटत नव्हतं, कारण दुखणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही एकट्यानंच ती फिरून काढली होती म्हणे. अठरा पोफळींच्या जागी तुम्ही लावलेल्या पोफळी मी पहिल्यांदा जवळ जाऊन मोजल्या. कुणी अडवलं नाही.

बांधाच्या कडेला, केळीच्या आड, एक कोंभ मिळाला. वीतभर, पाच बोटांची दोन पानं फुटलेला. मी आक्काला हाक मारली. म्हटलं, तुझी बाग, तूच काढ.

ती आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "माझा न्हाई त्यो," ती म्हणाली. "वरनं आलाय. तुझा हाय, तूच ने."

मी खाली बसलो, मुळापर्यंत माती मोकळी केली आणि तो अख्खा काढला. एकही पेर तुटलं नाही. दोन्ही तळहातांवर धरून मी तो खडकावर नेऊन ठेवला. ऊन चांगलं होतं.